उपमुख्यमंत्री कसा मोजायचा?

मंडळी, आज गुरुवार. बाहेरगावच्या माणसाला गुरुवारी संध्याकाळी व्याख्यान ठेवण्याचं कारण लवकर कळत नाही. तुम्हाला ते सांगायला नको. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, कारण विजेचा भार सगळ्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून प्रत्येक औद्योगिक भागाला वेगवेगळा वार वाटून दिला गेला. ही वीज आजच्या विषयात पुढे एकदा येणार आहे, म्हणून आत्ताच उल्लेख करून ठेवतो.

सुरुवात एका प्रश्नाने करू. यशवंतराव चव्हाणांनी भूषवलेलं सर्वांत वरचं पद कोणतं? संरक्षणमंत्री, असं पुढच्या रांगेतून उत्तर आलं. मुख्यमंत्री, असंही आलं. मागून कोणी गृहमंत्री म्हणालं, अर्थमंत्री म्हणालं, परराष्ट्रमंत्री म्हणालं. ही सगळी पदं त्यांच्याकडे होती, बरोबर आहे. पण मानाच्या उतरंडीत सर्वांत वरचं पद यातलं एकही नाही. जुलै 1979 मध्ये यशवंतराव चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात भारताचे उपपंतप्रधान झाले आणि जानेवारी 1980 पर्यंत, म्हणजे साडेपाच महिने, त्या पदावर होते. गृहखातंही त्यांच्याकडेच होतं. पण ते सरकार लोकसभेला सामोरं गेलंच नाही. ऑगस्टमध्येच चरणसिंगांनी राजीनामा दिला आणि उरलेले महिने काळजीवाहू म्हणून गेले.

आपल्या शहरात संत तुकारामनगरला त्यांच्या नावाचं महापालिकेचं रुग्णालय आहे. वायसीएम म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. त्या दारातून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस देशाचा उपपंतप्रधान होता? आणि ठाऊक नसलं म्हणून बिघडलं काय? यशवंतरावांनी या पट्ट्याला दिलेली गोष्ट निराळीच आहे. ते मुख्यमंत्री असताना औद्योगिक विकास महामंडळाचा कायदा झाला, 1 ऑगस्ट 1962 ला महामंडळ उभं राहिलं. तुमच्या कारखान्याच्या पत्त्यात जो प्लॉट नंबर आणि ब्लॉक असतो, त्याची मुळं तिथे आहेत. म्हणजे मुख्यमंत्रिपदाच्या काळातलं काम साठ वर्षांनी पत्त्यात दिसतं आणि त्याहून वरच्या पदावरचे साडेपाच महिने कुठेच दिसत नाहीत. उलट त्या पदाने त्यांच्या कीर्तीचं नुकसानच केलं. कालपर्यंत ज्यांच्या विरोधात होतो त्यांच्याच मंत्रिमंडळात गेले, हा ठपका त्यांना शेवटपर्यंत पुसता आला नाही.

या 'उप' लागलेल्या पदांवर बसलेल्या माणसांना मोजायचं कसं, हा आजचा विषय आहे. आम्ही महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री घेतले आहेत. मुख्यमंत्र्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, उपमुख्यमंत्र्यांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

आधी त्या खुर्चीचं कायद्यातलं स्थान पाहू. राज्यघटनेच्या 164 व्या कलमात मुख्यमंत्री आहे आणि बाकीचे मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्द घटनेत नाहीच. 1989 मध्ये देवीलालांनी शपथ घेताना 'मंत्री' ऐवजी 'उपपंतप्रधान' असं वाचलं, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की हे नुसतं वर्णन आहे, त्याने पंतप्रधानाचे कोणतेही अधिकार मिळत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये उपमुख्यमंत्रिपदाविरुद्धची याचिका फेटाळतानाही न्यायालयाने तेच सांगितलं: उपमुख्यमंत्री हा आधी एक मंत्रीच आहे, नावाने घटनेचा भंग होत नाही. म्हणजे नाव लावायला हरकत नाही, कारण नावात काही नाही!

तुमच्या चाकणच्या कंपन्यांमध्ये व्हाइस प्रेसिडेंट किती असतात? एका मजल्यावर चार. कार्डावर काय छापलंय त्यावरून कोणी त्यांना मोजत नाही. प्लांट कोणाकडे आहे, खरेदी कोणाकडे आहे, सही किती रकमेपर्यंत चालते, हे विचारतात.

राजकारणात याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मोरारजी देसाईंनी दिला. एकेकाळच्या मुंबई राज्याचे ते मुख्यमंत्री, म्हणून आपल्याला जवळचे. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणीने दूरचेही. 1967 मध्ये ते इंदिरा गांधींचे उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. जुलै 1969 मध्ये इंदिराबाईंनी त्यांच्याकडून अर्थखातं काढून घेतलं. उपपंतप्रधानपद मात्र तसंच ठेवा, असा निरोप होता. मोरारजींनी दोन्ही सोडलं. खातं गेल्यावर खुर्चीत बसून करायचं काय, हे त्यांना कळत होतं. आमचं आजचं मुख्य माप यातूनच आलं आहे: उपमुख्यमंत्र्याला त्याच्या खात्यावरून मोजायचं. त्याला जोडून एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा. साध्या मंत्र्याला जे जमलं नसतं, असं काही या 'उप'मुळे त्याच्या हातून घडलं का?

हा खेळ अमेरिकेत आपल्याआधी कितीतरी वर्षं सुरू झाला, म्हणून तिकडे एक चक्कर मारून येऊ. तिथे उपाध्यक्षाला घटनेने दोन कामं दिली आहेत. सिनेटच्या सभेचं अध्यक्षस्थान घ्यायचं आणि मतं समसमान पडली तर आपलं मत टाकायचं, हे एक. आणि अध्यक्ष गेला तर त्याच्या जागी बसायचं, हे दुसरं. पहिलेच उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी बायकोला लिहिलेल्या पत्रात कुरकुर केली होती की इतकं बिनमहत्त्वाचं पद माणसाने आजवर शोधून काढलं नसेल. रूझवेल्टचे उपाध्यक्ष गार्नर तर या पदाची किंमत बादलीभर कोमट थुंकीएवढीही नाही असं म्हणाल्याचं सांगतात. चार्ल्स डॉज यांची गोष्ट त्याहून मजेची. 1925 मध्ये ॲटर्नी जनरलच्या नेमणुकीवर सिनेटमध्ये मतं अगदी बरोबरीत आली, उपाध्यक्षाचं ते एकुलतं एक मत लागण्याची वेळ आली, आणि डॉज हॉटेलात दुपारची झोप घेत होते. धावत येईपर्यंत एका सदस्याने मत बदललं होतं, नेमणूक पडली. याच डॉजना 1925 चं शांततेचं नोबेल मिळालं, पण ते उपाध्यक्ष होण्याआधी जर्मनीच्या युद्धदंडाची जी योजना केली तिच्यासाठी. खुर्चीने झोप दिली, नोबेल कामाने दिलं.

तरी त्यांच्या उपाध्यक्षाला एक गोष्ट आहे जी आपल्या उपमुख्यमंत्र्याला नाही. असेंब्ली लाइनवर रिलीव्हर असतो ना, तसा तो आहे. लाइनवरचा माणूस जागेवरून उठला की याने त्याच क्षणी उभं राहायचं. नऊ उपाध्यक्ष असे मध्येच अध्यक्ष झाले, आठ मृत्यूमुळे आणि फोर्ड 1974 मध्ये निक्सनच्या राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन उपाध्यक्षपदावर फक्त 82 दिवस होते, त्या काळात अणुबॉम्बचा प्रकल्प चालू आहे हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रूझवेल्ट गेले आणि तो बॉम्ब त्यांच्या टेबलावर आला. त्यांच्याआधीचे चेस्टर आर्थर आम्हाला अधिक रंजक वाटतात. न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयातून वशिल्याच्या नेमणुकांच्या वादात काढला गेलेला माणूस. 1881 मध्ये गारफिल्डवर गोळी झाडली गेली, दोन-अडीच महिन्यांनी ते वारले आणि आर्थर अध्यक्ष झाले. लोकांनी कपाळावर हात मारला. त्याच आर्थरनी 1883 मध्ये सरकारी नोकऱ्यांत परीक्षा आणि गुणवत्ता आणणाऱ्या कायद्यावर सही केली. आधीची कीर्ती आणि नंतरचं काम यांचा काही संबंध उरला नाही.

आपल्याकडे मुख्यमंत्री गेला तर उपमुख्यमंत्री आपोआप चढत नाही. आमदारांनी नेता निवडायचा, राज्यपालांनी बोलवायचं. मग महाराष्ट्रात ही खुर्ची आली कशाला? दोन पक्ष एका घरात राहणार म्हणून. 1978 च्या निवडणुकीत जनता पक्ष 99, चव्हाण-वसंतदादांची काँग्रेस 69, इंदिरा काँग्रेस 62. कोणालाच बहुमत नाही. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. भंडाऱ्याचे, दलित समाजातून आलेले, वेगळ्या विदर्भाचे समर्थक, तोंडाने फटकळ. पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांवर, यशवंतरावांवर सुद्धा, ते उघड टीका करत. साडेचार महिन्यांत, जुलैमध्ये, शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार कोसळलं.

तिरपुडेंची कीर्ती काय उरली? त्यांच्या बोलण्याने सरकार गेलं, इतकीच. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं. 37 वर्षांचा तरुण मंत्री मुख्यमंत्री व्हायला निघालेला, दोन्ही काँग्रेसमध्ये वर्षभराचं वैर, समोर जनता पक्ष 99 आमदार घेऊन तयार. या गणितात तिरपुडेंची जीभ हे निमित्त होतं. पण निमित्ताला नाव असतं आणि गणिताला नसतं, म्हणून दोष नावावर चढला. त्यांच्या कामाबद्दल साडेचार महिन्यांत बोलण्याजोगं काही नाही, हेही खरं.

त्यानंतरचे सुंदरराव सोळंके. पवारांच्या पुलोद सरकारात जुलै 1978 पासून फेब्रुवारी 1980 पर्यंत, म्हणजे सरकार बरखास्त होईपर्यंत. बीड जिल्ह्याचे. या सभागृहात मराठवाड्यातून कामासाठी आलेले बरेच जण असतील. बीड, माजलगाव, केज इकडचे. ते हे नाव सांगतील, बाकीचे नाही. मग 1983 ते 1985 रामराव आदिक, पुन्हा वसंतदादांच्याच हाताखाली. बॅरिस्टर, राज्याचे माजी ॲडव्होकेट जनरल. 1974 च्या मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे तिथे जिंकल्या. आज इथल्या इंजिनिअर मुलांना आदिक हे नाव माहीत आहे ते नेरुळच्या कॉलेजमुळे. उपमुख्यमंत्री होते हे त्यातल्या कितींना माहीत असेल, देव जाणे.

आता गोपीनाथ मुंडे. इथे थोडं थांबावं लागेल, कारण आमचं माप इथे दोन्ही बाजूंनी कापतं.

मार्च 1995. शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री, भाजपचे मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. आता वीज. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प हा त्या निवडणुकीचा मोठा मुद्दा होता. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, ही त्या प्रचारातली घोषणा. सत्ता आल्यावर कराराची तपासणी करायला मंत्र्यांची समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुंडे. समितीने करार विरोधात दिला आणि ऑगस्ट 1995 मध्ये सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. साध्या मंत्र्याच्या समितीला हे वजन आलं नसतं. सरकारातल्या दुसऱ्या पक्षाचा नेता अध्यक्ष होता म्हणून आलं. आमच्या जोडप्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळतं ते इथे. पण पुढे काय? काही महिन्यांत वाटाघाटी, 1996 मध्ये नवा करार, तोही आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाचा. 1999 मध्ये वीज आली, ती इतकी महाग की 2001 मध्ये वीज मंडळाने घेणंच थांबवलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉन कंपनीच बुडाली. तुमची गुरुवारची सुट्टी मात्र गुरुवारीच राहिली. अहवालाचं श्रेय मुंड्यांना द्यायचं तर नव्या कराराचा वाटा त्याच सरकारातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला कसा द्यायचा नाही?

आणि गृहखातं. 11 जुलै 1997, घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वसाहत. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली, लोक रस्त्यावर, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी 14 एप्रिलला काय गर्दी असते ती तुम्ही पाहता. त्या गर्दीत ही तारीख माहीत नसलेलं वयस्कर माणूस आम्हाला अजून भेटलं नाही. गृहमंत्री मुंडे होते. मुंबईतल्या टोळ्यांना वठणीवर आणलं ही त्यांची कीर्ती त्याच खात्यातली. एका खात्यातलं श्रेय घ्यायचं आणि दुसरी बाजू अधिकाऱ्यावर ढकलायची, असं चालत नाही. मुंडे 2014 मध्ये अपघातात गेले तेव्हा लाखो लोक रडले, ते उपमुख्यमंत्र्यासाठी नव्हे. ऊसतोड कामगारांच्या, इतर मागासांच्या आपल्या माणसासाठी रडले. ती कीर्ती वेगळ्या खात्यात जमा होते आणि ती खरी आहे.

छगन भुजबळांचं थोडक्यात. 1999 मध्ये विलासराव देशमुखांबरोबर, मग सुशीलकुमार शिंदेंबरोबर, गृहखातं हातात. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याने त्या खात्याला घेरलेलं असताना, एका वाहिनीच्या कार्यालयावर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला आणि डिसेंबर 2003 मध्ये भुजबळांना पद सोडावं लागलं. 2008 मध्ये ते पुन्हा आले, 2010 मध्ये पुन्हा गेले. मधल्या दहा महिन्यांसाठी अकलूजचे विजयसिंह मोहिते पाटील होते. ते एकदा येऊन गेले हे सोलापूर जिल्ह्याबाहेर फारसं कोणी सांगत नाही.

आर. आर. पाटील, म्हणजे तुमचे-आमचे आबा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्यांची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे आणि गंमत अशी की पहिली गोष्ट उपमुख्यमंत्री होण्याआधीची आहे. ग्रामविकासमंत्री असताना 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावाने स्वतः हातात झाडू घ्यायचा, सरकारने नुसतं बक्षीस ठेवायचं. मावळ-खेडमधल्या किती गावांच्या वेशीवर त्या बक्षिसाचे फलक लागले ते तुम्ही पाहिलंय. त्या खात्याचं नाव घेतलं तर पूर्वी मंत्री तोंड वाकडं करायचे. आबांनी त्याला राज्यात पहिल्या पानावर आणलं.

2004 मध्ये ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. 2005 मध्ये डान्सबार बंद केले. गावाकडच्या आयांनी त्यांना दुवा दिला आणि त्या बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला. कीर्ती वाढली ती बंदीने. न्यायालयाच्या निकालाने ती कमी झाली नाही. लोकांनी हेतू मोजला, परिणाम मोजला नाही. आम्हाला स्वतःला त्या बायकांचं पुढे काय झालं हा प्रश्न सोडवत नाही. या पट्ट्यात कारखाना बंद पडला की काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. तिथे निदान युनियन असते, थकीत पगाराचा दावा असतो. त्यांच्याकडे काय होतं? 2007 ची तंटामुक्त गाव मोहीमही गृहखात्यातलीच, आणि आमच्या मते त्यांचं त्या खात्यातलं सर्वांत चांगलं काम. पोलीस ठाण्यात जाणारा बांधाचा भांडण-तंटा गावाच्या पारावर मिटवायचा, ही कल्पना पोलीसमंत्र्याला सुचावी यात आबांचा पिंड दिसतो.

मग 26 नोव्हेंबर 2008. मुंबईवर हल्ला झाला. पत्रकारांशी हिंदीत बोलताना आबांच्या तोंडून एक वाक्य गेलं, मोठ्या शहरात अशा लहानसहान गोष्टी होतात अशा अर्थाचं, सिनेमातल्या संवादासारखं. 1 डिसेंबरला राजीनामा. काही दिवसांत मुख्यमंत्री विलासरावही गेले. आबांना हिंदी नीट येत नव्हतं, म्हणायचं वेगळं होतं, असं त्यांचे लोक सांगतात. असेलही. पण या वाक्याने खरा प्रश्न झाकला गेला. किनाऱ्याची गस्त, पोलिसांची हत्यारं, बुलेटप्रूफ जाकिटं, नियंत्रण कक्षाचा गोंधळ: चार वर्षं गृहखातं सांभाळणाऱ्या मंत्र्याने यातलं काय केलं होतं, काय नाही, हे विचारायला हवं होतं. राम प्रधान समितीने पोलीस यंत्रणेतल्या उणिवा नंतर तपासल्या, पण तोवर लोकांच्या मनात हिशेब मिटला होता. वाक्याची शिक्षा झाली. खात्याचा जाब राहून गेला. वर्षभराने, 2009 मध्ये, गृहखातं आबांकडे परत आलंच. 'उप' तेवढं परत आलं नाही.

आता ज्या नावासाठी तुमच्यातले निम्मे लोक आले आहेत. अजित पवार. 2010 ते 2024 या काळात सहा वेळा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ, हा एक विक्रमच. पण आम्ही सगळ्या कारकिर्दीत शिरणार नाही. त्या हिशेबाला अंतर लागतं, वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी दुसरं व्याख्यान देईल. सिंचनाच्या आरोपांवरून सप्टेंबर 2012 चा राजीनामा आणि डिसेंबरमध्ये परत येणं, इंदापूर तालुक्यातल्या सभेतलं धरणाबद्दलचं ते वाक्य आणि त्यानंतर एप्रिल 2013 मध्ये कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी केलेलं दिवसभराचं आत्मक्लेश उपोषण, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आपण फक्त आपल्या दारातली एक गोष्ट घेऊ.

पवना धरणाचं पाणी नदीत सोडतात, ते रावेतला उचलतात आणि शुद्ध करून आपल्या नळाला येतं. नदीतून येताना पाणी वाया जातं, घाण मिसळते, म्हणून धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायची, अशी योजना महापालिकेने केंद्राच्या शहर विकासाच्या पैशातून आखली. मावळातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं, नदीत पाणी राहिलं नाही तर आमच्या उपसा पंपांनी ओढायचं काय? शिवाय वाहिनीखाली जाणारी जमीन. 9 ऑगस्ट 2011 ला, क्रांतिदिनी, बऊर गावाजवळ त्यांनी द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती.

उपमुख्यमंत्री अजित पवार. जिल्ह्याचे पालकमंत्री तेच. महापालिकेत सत्ता त्यांच्याच पक्षाची. गृहमंत्री कोण? आर. आर. पाटील. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. आता सांगा, आमच्या खात्याच्या मापाने गोळीची जबाबदारी कोणाकडे जाते? आबांच्या गृहखात्याकडे. पण मावळात जाऊन विचारा, आबांचं नाव कोणी घेत नाही. लोकांनी गोळी आणि पाइप वेगळे केले नाहीत. योजना ज्यांची, त्यांच्या नावावर सगळं लिहिलं. आम्ही हे माप घेऊन आलो तेव्हा आम्हाला वाटलं होतं की ते सगळीकडे चालेल. इथे अडतं. कारण या शहरावरचा त्यांचा अधिकार कुठल्या खात्यातून आलेला नव्हता, उपमुख्यमंत्रिपदातूनही नव्हता. तो पक्षातून आला होता. तिकीट कोणाला, स्थायी समिती कोणाकडे, महापौर कोण, हे बारामतीच्या माणसाने ठरवायचं, ही 2002 नंतरची पंधरा वर्षांची रीत. रुंद रस्ते आणि उड्डाणपूल ही त्यांची इथली कीर्ती त्यातूनच आली, आणि मावळची अपकीर्तीही त्यातूनच. 2017 च्या निवडणुकीत भाजप 77 वर गेला, राष्ट्रवादी 36 वर आली. 2019 ला मावळ लोकसभेत पार्थ पवार दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. दोन्हींची कारणं बरीच आहेत, सगळं जलवाहिनीवर ढकलणं भाबडेपणाचं होईल.

योजनेची स्थगिती 2023 पर्यंत राहिली. या सभागृहात त्या पाण्याची वाट पाहणारे आहेत, सोसायटीत एक दिवसाआड नळ येतो म्हणून टँकर मागवणारे आहेत. आणि मावळातून रोज कंपनीच्या बसने येणारेही आहेत, ज्यांच्या भावकीची जमीन त्या रेषेत होती. दोघांनाही पटेल असा निकाल आमच्याकडे नाही. इतकंच म्हणू की तीन माणसं मेल्यावर ज्या दोघांची नावं पदानुसार पुढे यायला हवी होती त्यातलं एक आपण विसरलो, आणि तो विसरही आबांच्या चांगल्या कीर्तीचाच भाग आहे.

राहिले अलीकडचे. जून 2022 मध्ये देवेंद्र फडणवीसांनी आपण सरकारबाहेर राहणार म्हणून जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी पक्षाच्या सांगण्यावरून उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस खाली येऊन बसला. डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा वर गेले आणि एकनाथ शिंदे खाली आले. अमेरिकेत माजी अध्यक्ष उपाध्यक्ष झाल्याचं एकही उदाहरण नाही. आपल्याकडेही हे नवं वाटतं, पण पूर्ण नवं नाही: शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री राहून 1978 मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून बसले होते. उपमुख्यमंत्रिपदावरून थेट मुख्यमंत्री होण्याचा मान मात्र 2024 पर्यंत महाराष्ट्रात कोणालाच मिळाला नव्हता. तिरपुडे, सोळंके, आदिक, मुंडे, भुजबळ, मोहिते पाटील, आबा, सगळे त्याच पायरीवरून परत गेले.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली वाचतो. "23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटेच्या शपथविधीनंतर जे ऐंशी तासांचं सरकार झालं, त्यातल्या उपमुख्यमंत्र्याला तुमच्या मापाने किती गुण?" लिहिणाऱ्याने नाव घातलेलं नाही, शहाणा माणूस आहे. त्या ऐंशी तासांत खातेवाटपच झालं नव्हतं, साहेब. मोजायला आमच्याकडे काही नाही. पुढची चिठ्ठी द्या.